‘गॅलरीत बांधा, सवय होईल’: विजांना घाबरणाऱ्या कुत्र्यांबद्दलचा तो मेसेज

वळवाचे ढग दिसले की तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने गडगडाटात कुत्र्याला जवळ घेणंच सोडलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळू नका, भीती वाढते, गॅलरीत बांधा, सवय होईल, मोबाईलवर मोठ्याने गडगडाट ऐकवा, कानात कापूस घाला, नाहीच ऐकलं तर आपल्या झोपेच्या गोळीतली अर्धी द्या.

गॅलरीत बांधणं आधी थांबवा. सवय होते ती सोसवेल इतक्याच आवाजाची. पळायला वाट नसताना वीज कडाडली की भीती त्या जागेला, पट्ट्याला, सोसाट्याच्या वाऱ्यालाही चिकटते. मग नुसतं आभाळ भरून आलं तरी कुत्रा थरथरतो. बांधलेला कुत्रा ग्रिल चावून दात मोडतो, नखं उखडून घेतो, कठड्यावरून उडी मारली तर पट्ट्याचाच फास बसतो. तासाभराने गप्प पडला म्हणजे सवय झाली असं नाही. शेपूट पोटाशी, कान मागे, बाहुल्या मोठ्या, लाळ गळतेय, तर तो भीतीने थिजलाय. त्याला घरात, खिडक्यांपासून दूर ठेवा: बाथरूम किंवा मधला पॅसेज, पडदे ओढलेले, दिवा चालू म्हणजे विजेचा लखलखाट कमी जाणवतो, पंखा जोरात आणि दार उघडं.

कुरवाळण्याने भीती वाढते हे तर साफ चूक. भीती ही भावना आहे, खाऊ देऊन शिकवलेली करामत नाही. बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी २०२० साली बाराशेहून अधिक कुत्रापालकांची पाहणी प्रसिद्ध केली. ती फटाक्यांच्या भीतीबद्दल होती, पण मुद्दा तोच. आवाज झाल्यावर लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना फरक जाणवला. पद्धत सोपी आहे. लांबची गडगड ऐकू आली की लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, प्रत्येक गडगडाटानंतर. क्रम उलटा झाला तर खाऊच धोक्याची सूचना ठरतो. खात नसेल तर तोंडात कोंबू नका, नुसतं जवळ बसा.

रेकॉर्डिंगच्या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे, कबूल. पण ते हिवाळ्यात, म्हणजे विजा नसताना, कान जेमतेम टवकारेल इतक्या बारीक आवाजात, खाऊसोबत पाचदहा मिनिटं. धापा टाकू लागला, ओठ चाटू लागला की आवाज कमी करायचा. तरी वीज, वारा, हवेचा दाब मोबाईलमधून येत नाही, त्यामुळे फायदा मर्यादितच.

कापूस नकोच. कुत्र्याच्या कानाची नळी आत वळते, बोळा तिथे अडकतो.

गोळीचा डोस वजनावर ठरतो, तो फक्त पशुवैद्याने ठरवायचा. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन ही भीती शमवणारी औषधं गडगडाटाच्या साधारण तास-दोन तास आधी द्यावी लागतात आणि आधी एखाद्या शांत दिवशी देऊन पाहतात. एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटंच देऊ नये: अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० ते ४० किलोमीटरवरची वीज कळवतं, पण गोळीसाठी तो वेळ बऱ्याचदा अपुरा पडतो. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा पाहा.

आणि आजवर न घाबरलेला कुत्रा उतारवयात अचानक घाबरू लागला, तर आधी त्याचे सांधे तपासून घ्या. दुखणाऱ्या अंगाने दचकला की भीती त्या आवाजालाच चिकटते.