खेळलेली असणे पुरेसे आहे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचे दोन आक्षेप आहेत. अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या समालोचनावर लिहिताना मी खेळल्याच्या अनुभवाला ‘निव्वळ अलंकार’ म्हटले, हा पहिला; आणि जी व्यक्ती स्वतः त्या पातळीवर खेळलेली नाही तिला माइकसमोर बसण्याचा अधिकारच नाही, हा दुसरा. पहिला आक्षेप मला मान्य आहे, दुसरा नाही.

5 एप्रिल 2024 रोजी क्लीव्हलंडमध्ये झालेला आयोवा आणि यूकॉन (कनेटिकट विद्यापीठ) या महाविद्यालयीन संघांचा राष्ट्रीय स्पर्धेतील उपांत्य सामना आठवा. आयोवा 70-69 असा पुढे होता आणि 3.9 सेकंद उरले असताना यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सने सहखेळाडू पेज बेकर्ससाठी लावलेल्या स्क्रीनवर (म्हणजे बचाव करणारीची वाट शरीराने अडवण्यावर) पंचांनी एडवर्ड्सविरुद्धच फाउल दिला; चेंडू आयोवाकडे गेला आणि सामना 71-69 असा संपला. स्क्रीन लावणारीने बचाव करणारीशी धडक होताना जागेवर स्थिर असावे लागते, पण त्या वेळी आपण सगळे चेंडूकडे बघत असतो. जिने वर्षानुवर्षे स्क्रीन लावले आहेत तिची नजर मात्र आपसूक पावलांकडे आणि कंबरेकडे जाते. त्या सामन्याच्या विश्लेषक रिबेका लोबो या 1995 साली एकही सामना न हरता विजेत्या ठरलेल्या यूकॉन संघाच्या 6 फूट 4 इंच उंचीच्या खेळाडू होत्या. ती नजर अलंकार नव्हे. मात्र त्याच अनुभवामुळे त्या हरणाऱ्या संघाच्या माजी खेळाडूही ठरतात, आणि अशा प्रसंगी प्रेक्षकाचा विश्वास पूर्वीच्या पदकांवर नव्हे, तर त्या क्षणी दिलेल्या स्पष्टीकरणाच्या निःपक्षपातीपणावर टिकतो.

अनुभव जुनाही होतो. लोबो खेळत होत्या तेव्हा महिलांचा सामना 20 मिनिटांच्या दोन सत्रांत होत असे आणि तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून चेंडू बास्केटमध्ये टाकल्यास तीन गुण मिळतात) बास्केटपासून 19 फूट 9 इंचांवर होती. 2015-16 च्या हंगामापासून 10 मिनिटांची चार सत्रे आली आणि प्रत्येक सत्रात एका संघाच्या पाचव्या फाउलपासून प्रतिस्पर्ध्यांना दोन फ्री थ्रो (बचावाविना बास्केटवर फेकण्याची संधी) मिळू लागले. 2021-22 पासून ती रेषा 22 फूट पावणेदोन इंचांवर गेली. फाउल कधी करावा आणि बचाव कुठवर पसरावा, ही सगळी गणितेच त्यामुळे बदलली. ती आठवणीतून सांगता येत नाहीत, प्रत्येक हंगामात नव्याने शिकावी लागतात, आणि लोबो ती शिकतात म्हणूनच मला विश्वासार्ह वाटतात.

शिवाय माइकसमोरची कामे निरनिराळी असतात. त्या प्रक्षेपणात धावते वर्णन करणारे रायन रुओको फोर्डहॅम विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर घडले. त्यांची ओळख खेळाडू म्हणून नाही. गुणफलक, वेळ, खेळाडूंची नावे आणि वाढत जाणारा ताण एकाच लयीत सांभाळणे, ही कोर्टवर मिळणारी विद्या नव्हे.

तुमची अट काटेकोरपणे लावली तर बास्केटबॉल विश्लेषक डोरिस बर्क यांनाही बाहेर बसावे लागेल. त्या प्रॉव्हिडन्स कॉलेजकडून पॉइंट गार्ड (संघाचा खेळ आखणारी खेळाडू) म्हणून खेळल्या, पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यांत अर्थातच नाही. तरीही 2024 मध्ये एनबीएच्या (अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या) अंतिम मालिकेचे दूरचित्रवाणीवर विश्लेषण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ‘त्या पातळीवर खेळल्या होत्या का?’ हा प्रश्न महिलांनाच अधिक वेळा विचारला जातो, असे माझे ठाम मत आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेतही दिलेली तीनही उदाहरणे महिलांचीच आहेत, हे मला खटकले.

‘निव्वळ अलंकार’ हे शब्द मी मूळ लेखातून आज काढत आहे. त्या जागी स्क्रीनचे वरील उदाहरण घालते.