ट्रक, रुमाल आणि गॉब्लर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत वाटेला न लावता सविस्तर उत्तर देतो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: पेनसिल्व्हेनियातल्या सार्वजनिक जंगलात वसंतात रानटर्कीच्या शिकारीला जाणाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागावं, यावर मी लिहिलं होतं. जंगलात जाणाऱ्या रस्त्याच्या गेटपाशी आधीच गाडी उभी असेल तर पुढची जागा बघा. दुसऱ्याच्या कॉलला, म्हणजे त्याने काढलेल्या मादीच्या आवाजाला, उत्तर देत असलेल्या नराच्या (गॉब्लरच्या) वाटेत शिरू नका. त्यावर तुमचं म्हणणं असं: "जमीन सगळ्यांची. मीही लायसन्सचे पैसे भरले, दोन तास गाडी चालवून पहाटे पोचलो. कुणाचा तरी ट्रक दिसला म्हणून परत फिरू? हे म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यासारखं झालं. हरणाच्या सीझनमध्ये त्याच गेटवर दहा गाड्या असतात, तेव्हा कुणी कुरकुरत नाही. हे अलिखित नियम म्हणजे जुन्या स्थानिक लोकांनी आपल्यासारख्या नव्यांना लांब ठेवायची सोय आहे. आणि तुम्ही जागेचं नाव लपवून त्यांनाच सामील झालात."

(मुळात पक्षी मारावाच का, असं विचारणाऱ्याही प्रतिक्रिया आल्या आहेत. तो वाद खरा आहे, पण आजचा नाही.)

रुमालाची उपमा झकास आहे. ती अर्धी लागू पडते, अर्धी नाही, आणि सगळी गंमत त्या अर्ध्यातच आहे.

आधी हरणाचं बघू, कारण तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा तो आहे. रायफलच्या हरण-सीझनमध्ये इथे प्रत्येकाच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून किमान २५० चौरस इंच भडक नारिंगी रंग असावा लागतो. तो कायदाच आहे. तीनशे यार्डांवरचा माणूस उघड्या झाडीतून दिव्यासारखा दिसतो. शिवाय गर्दी तिथे कधीकधी कामाला येते. पलीकडच्या उतारावर कुणी चाललं तर हरणं उठतात आणि तुमच्याकडे येतात. इथले जुने गट तर मुद्दाम रान उठवून, हाकारे घालून शिकार करतात.

वसंतातल्या टर्कीला यातलं काहीच लागू नाही. मे महिन्यात पालवी फुटलेली असते. नारिंगी घालायचं बंधन नाही. चालताना घाला एवढी शिफारस आहे, आणि कॉल करायला बसलं की बहुतेक जण ते काढूनच ठेवतात, कारण टर्कीला रंग उत्तम दिसतात. म्हणजे जंगलात जो तो नखशिखांत कॅमो (झाडीत मिसळून जाणारे कपडे) घालून, तोंडावर जाळी ओढून, झाडाला पाठ लावून निश्चल बसलेला. आणि तो करतोय काय, तर टर्कीच्या मादीचा आवाज काढतोय. समोर बहुधा प्लास्टिकची मादी रोवलेली. म्हणजे दोन माणसं एकमेकांना दिसणार नाहीत, पण ऐकू येतील, आणि ऐकू येतील ती पक्षी म्हणून. या शिकारीतल्या अपघातांचा ठरलेला साचा हाच आहे: एकाला कॉल ऐकू येतो, तो दबक्या पावलांनी त्या दिशेने सरकतो, झुडपाआड काहीतरी लाल किंवा पांढरं हलतं. नराचं डोकं वसंतात लाल, पांढरं आणि निळं असतं. म्हणून जुने लोक नाक पुसायचा लाल रुमालसुद्धा खिशात ठेवू देत नाहीत, पॅन्टच्या खालून पांढरा मोजा दिसला तरी ओरडतात. आवाजाच्या मागावर दबकत जाणं पेनसिल्व्हेनियात वसंतात बेकायदाच आहे. पक्ष्याला बोलावूनच मारायचं. तेव्हा "घुसू नका" या नियमाचा निम्मा भाग सभ्यतेचा नाही, जिवाचा आहे. त्यावर मी कुणाशी घासाघीस करणार नाही.

उरलेला निम्मा भाग मात्र खरंच वागणुकीचा आहे, आणि तुमची तक्रार तिथे आहे.

निसर्गात नर गॉबल करतो, म्हणजे गर्जून साद घालतो, आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी उलट मागणी करतो: तू ये. नराला ते पटत नाही. तो रात्रीच्या मुक्कामाच्या झाडावरूनच पहाटे गर्जायला लागतो, उजाडता उजाडता खाली उतरतो, आणि मग साठ-सत्तर यार्डांवर येऊन अडून बसतो. पिसारा फुलवतो, दोन पावलं पुढे, तीन मागे. मादी दिसत का नाही, हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. शॉटगनचा भरवशाचा टप्पा चाळीस यार्डांच्या आसपास, आणि वसंतात रायफलला परवानगी नाही. ही शेवटची वीस-तीस यार्डं काढायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अख्खी सकाळ. तुम्ही स्लेटवर (पाटीच्या दगडाच्या कॉलवर) काडी अलगद फिरवून एक पुर्र काढता आणि मग मुद्दाम गप्प राहता. त्या गप्प राहण्यात सगळं कसब असतं.

अशा वेळी बाजूच्या सोंडेवरून दुसरा माणूस बॉक्स कॉल (लाकडी डबीचा कॉल) करकरवत आला, तर पक्षी त्याच्याकडेही जात नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना डोळे असलेला हा प्राणी जवळपास चहूकडचं एकदम बघतो. मान ताणतो, एक "पट्" असा आवाज काढतो आणि चालू लागतो. खेळ दोघांचाही संपतो, आणि पुढचे काही दिवस तो नर कॉलला तोंडही उघडत नाही. म्हणजे घुसखोराने दुसऱ्याचा पक्षी पळवला असं होत नाही, कुणालाच काही मिळत नाही. एसटीत रुमाल उचलून फेकला तर निदान फेकणाऱ्याला सीट तरी मिळते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: हक्क डोंगरावर नाही, चालू असलेल्या संवादावर आहे. एखादा नर कुणाला उत्तर देतोय तोवर तो त्याचा. संवाद तुटला, माणूस उठून गेला, की तो पक्षी सगळ्यांचा. तुम्ही म्हणता तसा तो कुणाच्या बापाचा नाहीच.

आता ट्रककडे येऊ. एका गाडीपुरतीच जागा असलेला, एकाच सोंडेवर जाणारा गेट असेल आणि तिथे गाडी असेल, तर पुढे जा. यात वाद नाही. पण रोथरॉकसारख्या सरकारी वनात, जिथे एका रस्त्यावरून टसी डोंगराचे दोन्ही उतार आणि मधली खोरी मिळतात, तिथे एक ट्रक म्हणजे अख्खा डोंगर राखीव, असं कुणी म्हणत असेल तर तो खरोखर रुमाल टाकतोय, आणि मी तुमच्या बाजूने आहे. अशा ठिकाणी काय करायचं? विचारायचं. गेल्या सीझनला मी बूट बांधत होतो तेव्हा एक म्हातारा गाडीतून उतरला. हेडलॅम्पचा लाल उजेड चालू ठेवून त्याने त्याच्या ट्रकच्या धुळकट बॉनेटवर बोटाने रेघ ओढली. ही धार, हा ओढा, इथे जुना लाकूडतोडीचा रस्ता. "मी डावीकडे, ओढ्याच्या खाली. तू?" मी उजवीकडे बोट टेकवलं. त्याने मान हलवली, थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि गेला. एवढंच. त्याने माझं नाव विचारलं नाही की मी कुठून आलो तेही. त्या सकाळी मला त्याचा कॉल दोनदा ऐकू आला आणि दोन्ही वेळा तो कुठे आहे हे मला नेमकं ठाऊक होतं.

नव्यांना लांब ठेवायची सोय, हा तुमचा आरोप मी झटकून टाकणार नाही. असे लोक आहेत. गेटला आडवा ट्रक लावतात (तो वनखात्याचा आणि आगीच्या बंबाचा रस्ता असतो, हे त्यांना चांगलं माहीत असतं), तुमचा उच्चार ऐकून "इकडे कधी पासून?" असं विचारतात. एकाने मला "हा आमचा डोंगर आहे" असंही ऐकवलंय. त्याच्याशी मी वाद घातला नाही, पण हललोही नाही. मात्र तो उद्धटपणा या रिवाजाच्या नावावर मांडू नका. मुळात हा रिवाज वाडवडिलार्जित वगैरे नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यात टर्की जवळजवळ संपली होती. दक्षिण-मध्य भागातल्या डोंगररांगांत थोडी उरली. फार्मवर वाढवून सोडलेले पक्षी रानात टिकले नाहीत. मग रानातलेच पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या जिल्ह्यांत सोडले, तेव्हा कुठे संख्या वाढली. पेनसिल्व्हेनियात आधुनिक काळातला वसंतातला पहिला सीझन १९६८ चा. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांना तुम्ही संस्थानिक समजता, त्यांच्यातले कित्येक स्वतःच पहिल्या पिढीचे शिकलेले आहेत. आपापसात ठेचा खातच त्यांनी हे बसवलं.

पैशांचा मुद्दाही बरोबर आहे, तुम्हाला वाटतो त्याहून जास्त. इथलं गेम कमिशन (शिकार आणि वन्यजीव बघणारी राज्याची संस्था) राज्याच्या सर्वसाधारण करावर चालत नाही. लायसन्सची फी, बंदुका-काडतुसांवरच्या संघीय करातून १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने राज्यांना मिळणारा वाटा, आणि त्यांच्या जमिनीवरचं लाकूड, तेल, वायू, यांवर ते चालतं. १५ लाख एकरांच्या आसपास स्टेट गेम लँड्स (कमिशनच्या मालकीच्या, शिकारीला खुल्या जमिनी) याच पैशांतून उभ्या राहिल्या आहेत. तुमच्या फीचा वाटा त्या म्हाताऱ्याच्या फीपेक्षा कमी नाही. कायदाही नव्याला अडवत नाही. आपल्यातले बरेच जण एच-१बीवर असतात. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला एरवी संघीय मनाई आहे, पण वैध शिकार-लायसन्स असेल तर त्या मनाईतून सूट आहे. तुम्ही पाहुणे नाही. म्हणूनच मी तुम्हाला पाहुण्यासारखं "जरा सांभाळून" असं म्हणत नाही, भागीदाराकडून जे मागावं ते मागतोय.

जागेचं नाव मी देणार नाही. सगळ्या गेम लँड्सचे नकाशे कमिशन स्वतः फुकट देतं. फोनवरच्या नकाशात प्रत्येक गेट दिसतो. कमी पडतं ते पायी चालणं आणि एप्रिलमध्ये पहाटे रस्त्याच्या कडेला उभं राहून कान देणं. तेही घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढून, म्हणजे नर दचकून गॉबल करतो आणि कुठे आहे ते कळतं. सीझनआधी मादीचा कॉल वाजवून पक्षी शहाणे करून ठेवू नका. मी इथे एका सोंडेचं नाव टाकलं, तर पुढच्या मेमध्ये तिथे वीस गाड्या असतील, आणि मग तुम्ही ज्या गर्दीवर वैतागलात तीच मी तयार केली असं होईल.

आता तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांना थेट उत्तरं.

चालताना समोर कुणी बसलेलं दिसलं तर? हात हलवू नका, शीळ घालू नका, टर्कीचा आवाज तर अजिबात नको. जागेवर थांबा आणि मोठ्याने, माणसासारखं बोला. "हॅलो, इथे माणूस आहे" पुरे. त्याने उत्तर दिलं की आल्या वाटेने मागे फिरा, त्याच्या समोरून जाऊ नका. बसलेले तुम्ही असाल आणि कुणी येताना दिसलं तरी हेच: आवाज द्या. पक्षी जाईल. जाऊ दे. आणि बसताना पाठीला खांद्यांपेक्षा रुंद झाड घ्या, मागून येणाऱ्याचा भरवसा कधीच नसतो. पिसाऱ्याच्या पंख्याआड लपून पक्ष्याकडे सरपटत जायचे जे व्हिडिओ फिरतात, ते सार्वजनिक जमिनीवर करायचा विचारही नको. माणसाच्या तोंडासमोर नराचा फुललेला पिसारा धरून तुम्ही दुसऱ्या बंदूकधाऱ्याला काय दाखवताय, याचा विचार करा.

दुसऱ्याने बोलावलेला नर वाटेत माझ्यासमोर आला तर? तुम्ही तिथे आधीपासून बसला असाल, त्याला अडवायला सरकला नसाल, पक्ष्याच्या मागे काय आहे ते स्वच्छ दिसत असेल, आणि छातीवरची दाढी (केसांसारख्या पिसांचा झुपका) तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल, तर मारा. वसंतात दाढीवाला पक्षीच चालतो आणि तो तुमचाही तितकाच आहे. मग बंदूक सुरक्षित करून जा, जागेवरच लायसन्ससोबतचा टॅग लावा, पक्ष्याभोवती नारिंगी कापड गुंडाळा आणि मगच तो खांद्यावर टाकून निघा. उघडं लाल डोकं पाठीवर लोंबकळवत चालायचं नाही. कॉल करणारा गेटपाशी भेटलाच तर लपवू नका. त्याच्या कॉलवरच पक्षी आला हे त्याला सांगा. तो बहुतेक दोन शिव्या देईल. मग वजन किती ते विचारेल.