चव न घेता वाईन टेस्टिंग कसं करावं

नाशिकला वाईन टेस्टिंगला जायचं ठरलंय? उत्तम. फक्त एक धोका आधीच सांगून ठेवायला हवा. बेसावध राहिलात, तर तिथे वाईनची चव लागू शकते. गाइड पोरगा किंवा पोरगी तासभर त्याच खटपटीत असते. ग्लासचा आकार, वाईनचं तापमान, ओतायचा क्रम, सगळं त्या कटात सामील असतं. कट उधळणं मात्र अवघड नाही. पुढचं सगळं मन लावून पाळलंत, तर मुंबईहून जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास करून जीभ जशी नेली तशी परत आणता येते.

सुरुवात तारखेपासून करा. वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. कारखाना तेव्हा चालू असतो, पहाटे खुडलेल्या द्राक्षांचे क्रेट येत असतात, आवारभर आंबूस-गोड वास सुटलेला असतो. म्हणून तुम्ही मे महिन्यात जा. एप्रिलातली खरड छाटणी झालेली असते, त्यामुळे बागेत खोडं, ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि चार कोवळ्या फुटी एवढाच ऐवज असतो. भर उन्हात तिथे उभं राहून गाइडला विचारायचं, "द्राक्षं कुठायत?" हा प्रश्न त्याने त्या दिवशी फक्त अकरा वेळा ऐकलेला असतो.

हंगामातच जायचा हट्ट असेल, तर २६ जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड धरा. कसारा घाटात रांग, हॉटेलांचे दर दुप्पट, आणि नेमका त्याच दिवशी ड्राय डे. दरवर्षी त्याच तारखेला येतो, तरी दरवर्षी कोणीतरी काउंटरवर "पण आम्ही बुकिंग केलंय ना!" म्हणत उभा असतो. यंदा तो मान तुमचा.

हंगामात गेलातच, तर वेलीवरची द्राक्षं तोडून खा. गाइड नको म्हणेल, पाटी नको म्हणेल, दुर्लक्ष करा. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि आत बिया. थॉमसन किंवा सोनाका या खायच्या द्राक्षांच्या आशेने तोंडात टाकलीत की तोंड वाकडं होणारच. शिवाय भुरी आणि केवडा या रोगांसाठी गंधक, बोर्डो मिश्रण असं काहीबाही फवारलेलं असतं आणि फवारणी ते काढणी यांत किती दिवस जायला हवेत याचा हिशेब बागवाल्याच्या वहीत असतो, तुमच्याकडे नसतो. असो, निसर्गाच्या सान्निध्यात एवढं चालायचंच.

आता सकाळचा नाश्ता. याला पर्याय नाही: मिसळ. काळ्या मसाल्याची, तर्री वरून, रस्सा दोनदा मागून, पापड, दही, शेवटी जिलबी. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदना चेतवतं, त्याच अल्कोहोलही चेतवतो. त्यामुळे तासाभराने वाईनचा पहिला घोट घेतलात की तर्रीची धग पुन्हा पेटते, फळाचा वास-बिस काही पोचत नाही, आणि "वाईन जाम स्ट्राँग आहे" हे मत तयार होतं. जिलबीचं काम वेगळं. गोडानंतर कोणतीही कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाईन आंबट ढाण लागते. मिसळ टेस्टिंगनंतर खाल्ली असती तर दोन्हींची मजा आली असती, पण मग आपला मूळ हेतूच फसतो. निघताना मूठभर बडीशेप, आणि गाडीतून उतरताना मानेवर, मनगटावर, शर्टावर अत्तराचा सढळ फवारा. याने तुमचंच नव्हे, अख्ख्या टेबलाचं नाक निकामी होतं. समाजकार्य म्हणतात ते हेच.

टेस्टिंगआधी कारखाना दाखवतात. इथे मोबाईल काढून टाकीसोबत फोटो काढत राहायचं, कारण निम्मी चव इथेच उलगडते. काळ्या द्राक्षाचाही गर-रस जवळजवळ पांढराच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत. म्हणून पांढऱ्या वाईनचा रस दाबून लगेच सालीपासून वेगळा करतात आणि १४ ते १६ अंशांच्या आसपास गार ठेवून सावकाश आंबवतात, नाहीतर फुलाफळांचे हलके वास उडून जातात. लाल वाईन सालींसकट, २५-२८ अंशांना. आंबताना साली वर तरंगून जाड थर धरतात, तो सुकू नये आणि रंग उतरावा म्हणून खालचा रस पंपाने दिवसातून काही वेळा त्यावर सोडतात. हे सगळं सांगून झालं की घसा साफ करून विचारा, "पण ह्यात अल्कोहोल कधी मिसळता?" कोणी मिसळत नाही. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. २२ ते २४ ब्रिक्सला (हे रसातल्या साखरेचं माप) काढलेल्या द्राक्षाची वाईन १२-१३ टक्क्यांवर येते, हे त्याने दोन मिनिटांपूर्वीच सांगितलेलं असतं. ओकच्या पिंपांच्या खोलीत मात्र रेंगाळा. पिंप २२५ लिटरचं, पण खरं कारण एसी.

(द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रम असेल तर जरूर करा. त्या द्राक्षांची वाईन होत नाही, एवढं ऐकून बाकीच्यांना हायसं वाटेल.)

मग टेबल. पाच-सहा प्रकार, प्रत्येकी साधारण ३० मिलि. पहिला ग्लास आला की म्हणायचं, "दादा, जरा हात मोकळा सोडा की!" हिशेब करून बघा: पाच घोटांचे दीडशे मिलि, १३ टक्क्यांनी त्यात शुद्ध अल्कोहोल वीस मिलिच्या आत. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका लार्ज पेगमध्ये पंचवीसच्या वर. म्हणजे आख्ख्या टेस्टिंगचा मिळून धड एक लार्जही भरत नाही. पैसे वसूल होणार कसे? तेव्हा प्रत्येक ग्लास आल्याआल्या उलटा करायचा आणि पुढच्याची वाट बघायची. वाईन जिभेवर पाच सेकंददेखील थांबली नाही, तर चव लागायची भीतीच नाही.

ग्लास दांडीला नाही, वाटीला धरायचा, पंजात कवटाळून, ब्रँडीसारखा. बोटांचे ठसे उठतात, वाईन गरम होते. ग्लास फिरवायला सांगतील. खरी रीत अशी की तळ टेबलावर टेकवून छोट्या वर्तुळात दोन-तीनदा फिरवायचा, हवा लागून वास मोकळा होतो, लगेच नाक ग्लासात. तुम्ही हवेत उंच धरून फिरवा. शेजारणीची साडी पांढरी असेल तर उत्तम. मग काचेवरून ओघळणाऱ्या रेघांकडे बोट दाखवून, "बघा, लेग्ज! भारी वाईन आहे." त्या रेघा पडतात कारण काचेवरच्या पातळ थरातला अल्कोहोल आधी उडतो, उरलेल्याचा पृष्ठताण वाढतो, तो वाईन वर ओढतो आणि थेंब खाली येतात. दर्जाशी संबंध शून्य. पण वाक्य टेबलावर चांगलं वठतं.

क्रम ठरलेला असतो: आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, मग रोझे, मग लाल, शेवटी गोड डेझर्ट वाईन. हलकीकडून भारीकडे, कोरडीकडून गोडाकडे. तुम्ही थेट लाल मागा, "बाकीच्या लेडीज लोकांना द्या." शिराझच्या तुरटपणाने लाळेतली प्रथिनं एकदा बांधली गेली, की त्यानंतर आलेली नाजूक पांढरी सोव्हिन्यॉं ब्लाँ पाण्यासारखी लागते. तीच लाल वाईन "रूम टेंपरेचरला" हवी असा आग्रहही धरा. हा नियम ज्यांच्या खोल्या सोळा-अठरा अंशांच्या असत त्यांनी केला. मार्चमधली नाशिकची दुपार पस्तिशीला सहज टेकते, आणि तेवढ्या गरम वाईनमधून अल्कोहोल तेवढा नाकात चढतो. कोणी ती गार करून आणली, तर दोन बर्फाचे खडे टाका. तीस मिलित दोन खडे म्हणजे सरबत.

आता टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या त्या भांड्याबद्दल. ती बर्फाची बादली नाही, वापरलेले टिश्यू टाकायची जागाही नाही. ती पिकदाणी आहे. घोट तोंडात घोळवायचा, ओठांचा चंबू करून, जरा पुढे वाकून बारीक धारेने त्यात सोडायचा. दिवसाला तीस-चाळीस वाईन चाखणारे लोक असंच करतात, नाहीतर दहाव्यानंतर त्यांना बाटलीवरचं लेबलही वाचता यायचं नाही. पण इथे एक मौज घडते. ज्या जनतेने सरकारी इमारतींच्या जिन्याचा एकूण एक कोपरा रंगवून ठेवला, तिला या एकाच ठिकाणी, जिथे थुंकण्यासाठी भांडं चकचकीत घासून समोर ठेवलंय, थुंकायची लाज वाटते. "शी, कसं दिसतं ते!" बरोबर. गिळा.

बोलायची पाळी आली की भाषा सांभाळा. करवंद, जांभूळ, कोकम, कैरी हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, कारण ती फळं तुम्ही खाल्लेली आहेत. ब्लॅककरंट म्हणा, ते टेबलावर कोणीच खाल्लेलं नसतं, त्यामुळे वाद होत नाही. गूजबेरी म्हणाले की "हां, आवळा!" म्हणून मान डोलवा. आवळा वेगळा, रसभरी वेगळी आणि त्यांची गूजबेरी तिसरीच, पण इंग्रजीत तिघींच्या नावात गूजबेरी आहे, एवढं नातं पुरे. सोव्हिन्यॉं ब्लाँला ढोबळी मिरची कापल्यासारखा वास येतो, तो खरंच येतो, ढोबळीत आणि त्या द्राक्षात एकाच कुळातली संयुगं असतात. तुम्हाला तो आलाच, तर गप्प बसा. लोक हसतील. "ड्राय" म्हणजे गोड नसलेली, पण तुम्ही "घसा कोरडा पडतो ती" असं समजून चाला. आणि टॅनिनला "तुरट" हा जो नेमका शब्द आपल्याकडे सुपारी, हिरडा, कच्चं केळं खाऊन पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे, तो वापरायचा नाही म्हणजे नाही.

खाण्याकडे वळू. चीज आणि फिकी बिस्किटं येतात, ती जीभ कोरी करायला असतात. ती बाजूला सारून म्हणायचं, "चकणा काय आहे?" आणि पनीर चिली, शेजवान, लसूण चटणी मागवायची, सोबत सर्वांत तुरट कॅबर्ने. तिखट आणि टॅनिन एकमेकांना असे चढवतात की दोन्ही कडू लागतात. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ कोथिंबीर वडीशी, साबुदाणा वड्याशी किती छान जमते, किंवा कांदाभज्यांचा तेलकटपणा स्पार्कलिंगचे बुडबुडे आणि आंबटपणा कसा कापून काढतात, हे चुकूनही करून बघू नका. सवय लागेल.

परतीला गाडी तुम्हीच चालवा. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायच्या निर्णयावरून राज्य पेटलं होतं, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नाही" हे वाक्य गाजलं होतं. नाक्यावर हवालदाराला तेच ऐकवा. त्याच्या हातातल्या यंत्राने मात्र ती बातमी वाचलेली नसते. कायद्याची रेघ १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि सत्तर किलोचा माणूस पाच टेस्टिंग घोट भराभर रिचवून त्या रेघेच्या आसपास पोचू शकतो. म्हणजे चढायला कमी, पकडले जायला पुरेशी. पहिल्या वेळेला दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यापेक्षा ड्रायव्हर स्वस्त पडतो, पण मग "मी ठीक आहे रे" कोण म्हणणार?

शेवटी खरेदी. दुकानात गाइडने सुचवलेली पांढरी घ्या, ताज्या वर्षाची, स्क्रूकॅपची, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची. गाडीच्या डिकीत ठेवा आणि वाटेत जेवायला तास-दीड तास उन्हात थांबा, म्हणजे वाईन तिथेच निम्मी शिजते. घरी आली की फ्रिजमध्ये नको, लोकांना दिसणार नाही. शोकेसमध्ये, फोकस लाइटखाली, गणपती आणि सिंगापूरच्या मर्लायनच्या मधे. जुनी होईल तितकी चांगली, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलेलंच आहे.

तिसऱ्या दिवाळीला व्याही जेवायला येतील तेव्हा काढा. फिकट हिरवट सोनेरी होती ती चहाच्या दिशेने निघालेली असेल, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा येईल. स्टीलच्या पेल्यांत ओता, वरून थोडं स्प्राइट घाला. व्याही एक घोट घेतील, पेला खाली ठेवतील आणि तुमच्याकडे बघतील. तुम्ही मान हलवून म्हणायचं, "नाशिकची आहे ना. आपल्याकडे अशीच बनते."