इन-इअर हेडसेटबाबत खुलासा

‘बॅटरीवर चालणारे नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करणारी सोय) नसलेला इन-इअर हेडसेट, म्हणजे कानात बोंड घालून वापरायचा वैमानिकाचा हेडसेट, कानांचे रक्षण करीत नाही, त्यापेक्षा गाणी ऐकण्याचे महागडे इअरबड बरे,’ असे शिकाऊ वैमानिकांना सांगितले जाते. हे दोन्ही अंगांनी चुकीचे आहे.

सेस्ना १७२ सारख्या पिस्टन इंजिनाच्या विमानात आवाज साधारण ९० डेसिबलच्या घरात असतो, तर ८५ डेसिबलला आठ तास ही कानांसाठी शिफारस केली जाणारी एक मर्यादा असून पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. क्लॅरिटी अलॉफ्टसारखे नॉइज कॅन्सलेशन नसलेले इन-इअर हेडसेट हा आवाज केवळ फोमच्या बोंडांनी अडवतात. मात्र बोंड नीट बसले तरच. ते बोटांत वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, बोंड आत सरकवावे आणि फुगेपर्यंत धरून ठेवावे. अर्धवट बसलेले बोंड टोचतेही आणि आवाजही आत सोडते, आणि ‘इन-इअर सोसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. दोन्ही कानांना वेगळ्या मापाची बोंडे लागली तरी त्यात वावगे काही नाही.

इअरबडला तोंडाजवळचा मायक्रोफोन नसतो आणि विमानाच्या इंटरकॉमची जोडणीही नसते, त्यामुळे नियंत्रण कक्षाशी संभाषणासाठी ते निरुपयोगी ठरतात. बोस कंपनीचा प्रोफ्लाइट हा इन-इअर हेडसेट मुळात जेट विमानांसाठी घडवलेला आहे, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. चष्मा वापरणाऱ्यांना मात्र इन-इअर खरोखरच सोयीचा पडतो, कारण चष्म्याच्या काड्यांवर कसलाही दाब येत नाही.