‘कंपन्यांचं भंगार’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

घरातला दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर बदलायचाय आणि हातात १५-१६ हजारच आहेत, तर कंपन्यांनी काढलेला, दुरुस्त करून विकला जाणारा ऑफिसचा डेस्कटॉप घ्या, मॉनिटर-कीबोर्ड जुनाच ठेवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: ‘हे गरिबांच्या गळ्यात कंपन्यांचं भंगार बांधणं आहे. थोडे पैसे घालून नवा लॅपटॉप घ्यावा, हप्ते आहेत की. शिवाय याला वॉरंटी नाही, वायफाय नाही, वीज जास्त खातो.’

वायफायचं तुमचं बरोबर. ऑफिसच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ते नसतं, यूएसबीचं वेगळं घ्यावं लागतं. ते लेखात यायला हवं होतं, आभार. पण पहिलं वाक्य मला सोडून देता येत नाही.

‘गळ्यात बांधणं’ हा आरोप आहे. मी दुकान चालवत नाही, कुठल्या दुकानदाराकडून एक रुपया घेत नाही. दोन शब्द विचारले असते तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही, सरळ ठपका ठेवलात. आणि ‘गरीब’ कोणाला म्हणताय? उदगीरकडच्या आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो सोयाबीनची पट्टी हातात पडल्यावर, लातूरच्या एका दुकानातून, आधी कुणीतरी वापरलेला. त्यावर मी मराठी टायपिंग शिकलो, एमएस-सीआयटी केली. पुढे झेरॉक्सच्या दुकानात बसून शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे अर्ज भरले आणि त्यातून कॉलेजची फी निघाली. वडील नव्या मशीनसाठी थांबले असते तर माझी ती वर्षं तशीच गेली असती. त्याला कुणी भंगार म्हटलं की मला लागतं, आणि ते मी लपवणार नाही.

बरं, भावना बाजूला ठेवू. कंपन्या ही मशीनं का काढतात हे तरी बघायचं होतंत. तीन ते पाच वर्षांत वॉरंटी किंवा भाडेकरार संपतो आणि सगळा लॉट एकदम बदलतात. त्यातली बरीचशी मशीनं चालू स्थितीत असतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, लेनोव्होचे थिंकसेंटर, एचपीचे एलिटडेस्क हे दिवसभर चालायलाच बनवलेले असतात. चार स्क्रू काढले की रॅम वाढवता येते, एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवता येते. (पॉवर सप्लाय मात्र काही मॉडेलना बाजारातला साधा बसत नाही, घेताना तेवढं विचारून घ्यावं.) तुमच्या स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा सेलेरॉनसारखा हलका प्रोसेसर असतो, आणि कित्येकांत रॅम बोर्डावरच डकवलेली. ती कमी पडली तर काय करायचं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि मी ‘कोणतंही जुनं घ्या’ असं कुठे म्हटलंय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणून चौथ्या, सहाव्या पिढीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी विंडोजसाठी घेऊ नका, हे लेखात ठळक अक्षरांत आहे. भंगार टाळायचं कसं हेच सांगणारा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही आणि वर मलाच शिकवायला आलात.

हप्त्यांचं तर बोलूच नका. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यातून जातो. आमच्याकडे पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, नाहीतर हरभऱ्याला. मधले महिने उसनवारीवर जातात. खात्यात रक्कम नसली की बँकेचा दंड वेगळा, वसुलीवाल्याचे फोन वेगळे. पोराच्या अभ्यासाच्या मशीनपायी घरात ही कटकट कशाला आणायची? रोख देऊन मोकळं होता येतं, हा माझ्या सल्ल्यातला सगळ्यात मोठा फायदा आहे आणि पगारदार माणसाच्या तो ध्यानात आला नाही.

वॉरंटी दुकानदार देतात. किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी मशीन तासभर चालवून बघा. विजेच्या मुद्द्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही.

प्रतिक्रिया जरूर लिहा. फक्त पुढच्या वेळी तुमच्या भागात आठव्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरचं मशीन एसएसडीसकट काय भावाने मिळतं ते चौकशी करून लिहा, म्हणजे इथे भाव विचारणाऱ्यांच्या कामी येईल.