१०८ लागेना, अन् कॉन्फिग तर बरोबर होतं

आमच्या फील्डमधल्या, म्हणजे ऑफिसचे फोन अन् नेटवर्क बसवणाऱ्या पोरायचं एक पाहून राहिलो. कमांड अडली का पहिले व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणाकडे वर्किंग कॉन्फिग आहे का भाऊ' (कॉन्फिग म्हणजे राउटरला दिलेल्या कमांडची यादी), मग कोणीतरी नोटपॅडची फाईल टाकतं, ती पेस्ट केली, कॉल लागला, साईट हँडओव्हर, चला तर्री पोहे खायला. नावं ठेवायला मी कोण, मी पण कितीक वर्षं हेच केलं. कमांड रेफरन्सचं, म्हणजे एकेक कमांड काय करते ते सांगणाऱ्या कंपनीच्या पुस्तकाचं, पीडीएफ डाउनलोडमध्ये पडून होतं, उघडायचो फक्त स्पेलिंग पाहायला.

मग नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका फॅक्टरीत माझी जिरली. सिस्कोचा व्हॉइस राउटर (ऑफिसचे फोन बाहेरच्या लाईनला जोडणारा डबा), त्यावर पीआरआय लाईन (टेलिफोन कंपनीची, एकाच वेळी बरेच कॉल नेणारी), बाहेर फोन करायचा तर आधी शून्य. डायल-पीअरमध्ये (कोणता नंबर कुठून बाहेर जाईल तो नियम) डेस्टिनेशन-पॅटर्न 'शून्य टी' (शून्य अन् पुढचे कोणतेही आकडे) टाकलं होतं, मस्त चालू होतं. मग सेफ्टीवाले म्हणाले का १०८ अन् ११२ शून्य न लावता लागले पाहिजेत, तर मी तोच डायल-पीअर कॉपी करून पॅटर्नच्या जागी १०८ टाकलं, दुसऱ्यात ११२, अन् टेस्ट न करता निघून आलो कारण चार वाजले होते अन् मे महिना होता. (हो, टेस्ट न करता. आता बोला.)

पुढच्या आठवड्यात त्यांचं मॉक ड्रिल. सेफ्टी ऑफिसरनं सगळ्यांसमोर १०८ फिरवला अन् फोन मुका. मला फोन आला, "साहेब, तुमची ॲम्ब्युलन्स येऊन नाही राहिली."

रनिंग कॉन्फिग, म्हणजे राउटरवर चालू असलेलं, तीनदा वाचलं, एक अक्षर चुकीचं नाही. डीबग लावलं (कॉल आत कुठं जाते ते राउटर दाखवते) तर कॉल पोर्टपर्यंत जाऊन राहिला पण बाहेर जाताना नंबरच नाही. मग झक मारून रेफरन्स उघडला. तिथं सरळ लिहिलंय का पॉट्स, म्हणजे साध्या टेलिफोन लाईनच्या, डायल-पीअरवर डिजिट-स्ट्रिप बाय डिफॉल्ट चालू असते, म्हणजे पॅटर्नमध्ये जे आकडे तुम्ही जसेच्या तसे लिहिले ते राउटर बाहेर पाठवतानी कापून टाकते. 'शून्य टी'मध्ये शून्य कापला जाते, तेच आपल्याला हवं असते, म्हणून इतकी वर्षं ती फाईल चालली. पण १०८ मध्ये तिन्ही आकडे मीच लिहिलेले, तिन्ही कापले, उरलं काय? फॉरवर्ड-डिजिट्स ऑल (सगळे आकडे बाहेर पाठव), एक ओळ टाकली, झालं.

आता याच्यात गंमत अशी आहे का डिफॉल्ट गोष्टी शो रनमध्ये (चालू कॉन्फिग दाखवणारी कमांड) बहुतेक दिसतच नाहीत. तुम्ही दिवसभर कॉन्फिग वाचा, जे लिहिलंच नाही ते कसं दिसन? व्हीओआयपी (नेटवर्कवरून जाणाऱ्या कॉलच्या) डायल-पीअरवर कोडेक (आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत) नाही लिहिला तर तो आपला जी.७२९ धरून बसतो, ८ केबीपीएसवाला, अन् समोरच्यानं ६४ चा जी.७११ ठोकून ठेवला असन तर कॉल लागता लागता तुटते अन् आपण लाईनवाल्याला शिव्या देतो.

म्हणून माझं म्हणणं, रेफरन्समध्ये सिंटॅक्स वाचू नका बे, सिंटॅक्स तर प्रश्नचिन्ह दाबलं का राउटरच सांगते. डिफॉल्टची ओळ वाचा, त्याच्या खालचे यूसेज गाइडलाइन्स वाचा, अन् कमांड हिस्ट्री, कारण तुमच्या ग्रुपवरची फाईल कोणत्या व्हर्जनची आहे ते फाईल पाठवणाऱ्याला पण माहीत नसते. ट्रंकवर (दोन स्विचमधली सामाईक लाईन) अलाउड व्हीलॅन (तिच्यावरून कोणकोणते वेगळे नेटवर्क जातील ती यादी) देतानी 'ॲड' विसरला तर जुनी सगळी यादी उडते, हे पण तिथंच कळते, नाहीतर कळते तेव्हा अख्ख्या मजल्याचे फोन बंद असतात.

बाकी रेफरन्स काही लाडाचं नाही. एबीसीडीनं लावलेलं, म्हणजे कमांडचं नाव माहीत असन तरच सापडन, अन् डिजिट-स्ट्रिप नावाचं काही असते हेच ज्याला माहीत नाही तो काय शोधन? शून्यातून शिकायला कॉन्फिगरेशन गाइडच बरं. पण एंटर दाबायच्या आधी रेफरन्सचं एक पान, दोन मिनिटं लागतात.

बुटीबोरीहून परत येतानी आठवलं का तीच फाईल मी अजून तीन ठिकाणी टाकली आहे, हिंगण्याला दोन अन् मिहानला एक. दुसऱ्या दिवशी दुपट्टा गुंडाळून गाडी काढली, डीबग लावून १०८ फिरवत बसलो, लागला तर आधी 'टेस्ट कॉल आहे ताई' म्हणून सांगायचं ठरवून. तिनातल्या दोन ठिकाणी सांगायची वेळच आली नाही.