'सेट'चा विक्रम जुना झाला

'इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द म्हणजे सेट, त्याचे 430 अर्थ' हा मजकूर अजूनही पुढे ढकलला जातोय. आकडा खोटा नाही, शिळा आहे. तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतला. तिसऱ्या आवृत्तीसाठी शब्द नव्याने तपासले जाऊ लागले आणि 'रन'ने बाजी मारली: नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ. कोशकार पीटर गिलिव्हर या एका शब्दात नऊ महिने अडकून होते!

धावणे हा त्यातला फक्त एक. नाक 'रन' होतं म्हणजे गळतं, कपड्याचा रंग 'रन' होतो म्हणजे जातो, यंत्र चालतं, करार लागू राहतो, उमेदवार निवडणूक लढवतो. (बारीकसारीक पोटभेदही वेगळे मोजतात, म्हणून आकडा एवढा फुगतो.)

काही मजकुरांत 'स्प्रिंट', 'फ्लो', 'मॅनेज', 'ऑपरेट' हे सगळे 'रन'चे समानार्थी म्हणून एकाच ओळीत कोंबलेले असतात. त्यावरही विसंबू नका. समानार्थी शब्द त्या त्या अर्थापुरताच चालतो. संस्था 'मॅनेज' करता येते, 'फ्लो' नाही. आणि नाक कितीही वाहिलं तरी 'स्प्रिंट' करत नाही.